टार्गेट महाग नाही, दानत कमी आहे



"तिरंदाजी पैसेवाल्यांचा खेळ, शेतकऱ्याच्या पोट्ट्यानं त्यात काहून पडाव?" जठारपेठेत बसून असं बोलणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचे मायबाप मजूर. पोरगा आपल्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजी शिकला अन् २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक खेळला.

मोठं धनुष्य महाग, हे खरं. पण इंडियन राउंडचा सराव बांबूच्या धनुष्यावर, ३० अन् ५० मीटरवर होते. धनुष्य असून टार्गेटपायी ते कपाटात ठेवणं मला पटत नाही.

टार्गेट घरी बनते. किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी फूटभर रुंद पट्ट्यांत कापा. एकावर एक दाबून थर लावा. वर-खाली जाड फळी, दोन्ही बाजूंनी आट्याचे रॉड, नट घट्ट आवळा. पट्ट्यांच्या कडा लेकराकडे ठेवा. बाण थरांत घुसते अन् घासून थांबते. सैल पडलं की नट पुन्हा आवळा, मधले थर कडेला घ्या. पावसात झाका.

फवारणीच्या औषधाची खोकी घेऊ नका. मागं मातीचा उंच बांध पाहिजे, तिकडून पायवाट नको. सगळ्यांचे बाण सुटल्यावरच काढायला जायचं, तेही मोठं माणूस सोबत असताना.

खर्च काय तो रॉड, नट अन् फळ्यांचा. डीजेले गावात वर्गणी निघते, मंग याले काहून निघत नाही? सांगा बरं.