मापातली माया

मापात पाप नसावे, ही आपली जुनी अपेक्षा. ऑनलाइन कपडे मागवताना मात्र पाप मापात नसून मापाच्या नावात असते, असे आम्हांस वाटते. एका कंपनीचा 'मीडियम' दुसरीच्या 'लार्ज'एवढा निघतो. शब्द एक, अर्थ अनेक. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही.

मालवण, आचरे, मसुरे येथल्या शिंप्याच्या वहीत छाती, कंबर, खांदा, उंची असे इंचांचे आकडे असत, आणि ते एकाच व्यक्तीचे असत. तयार कपड्याला सरासरी लागते. अमेरिकेत १९३९-४० साली त्यासाठी सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली गेली. आपल्याकडे 'निफ्ट' या संस्थेने २५,००० भारतीयांच्या मोजणीचा प्रकल्प आखला, तो मोजक्या शहरांपुरता. त्यांत मुंबई होती, सिंधुदुर्ग नव्हता.

सरासरीत न बसणारा ग्राहक मग स्वतःच्या देहालाच दोष देतो. आमचा आक्षेप येथे आहे. मराठीत 'झंपर बसत नाही' असे म्हणतात. या वाक्यात कर्ता झंपर आहे, देह नव्हे. हे व्याकरण विसरू नये. टेप घेऊन स्वतःची मापे वहीत टिपावीत, अंगावर नीट बसणारा एखादा कपडाही मोजावा, आणि तक्त्यातले आकडे देहाचे की कपड्याचे, हे आधी पाहावे.

शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. कारखान्यातल्या शिवणीत ती फारशी नसते; उसवून वाढवावे म्हटले तरी वाव नसतो. म्हणूनच मागवण्याआधी मोजायचे.