पंगत आणि पेटी

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फराळाची एक पद्धत आहे. पाहुण्यांना चांदीच्या ताटल्या, घरच्यांना स्टीलच्या, आणि भांडी घासणाऱ्या शांताबाईंना पुडा. पुड्यात सगळे असते. चकली मोडकी असते एवढेच. गेल्या साली नातीने विचारले, "आजोबा, शांतामावशी आपल्याबरोबर का नाही बसत?" मी म्हणालो, "त्यांना घाई असते." शांताबाई दाराशीच उभ्या होत्या, मुळीच घाईत दिसत नव्हत्या.

तेव्हापासून माझे लक्ष नको तिथे जाऊ लागले आहे. बायबलातले 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक मी पूर्वीही चाळले होते. यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत सगळे सामाईक असे, कोणी शेत विकून पैसा आणून देई, घरोघरी मिळून जेवत, हे आपण ऐकलेले असते. पण थोडे पुढे एक अगदी घरगुती तक्रार आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाढणीत वगळतात! अखेर त्या कामावर सात माणसे नेमावी लागली. डोक्यावर रोमन सत्ता आणि भांडण वाढपाचे! ती मंडळी मला एकदम आपल्यातली वाटली.

हे सामाईक जगणे म्हणजे हुकूम की राजीखुशी, हा वाद पुढे जर्मनीत पेटला. १५२५ सालच्या शेतकऱ्यांच्या बंडात मार्टिन ल्यूथरने बंडवाल्यांना खडसावले, की प्रेषितांच्या माणसांनी आपले स्वतःचे दिले, पिलात-हेरोदाचे मागितले नाही. आणि दिले तेही आपखुशीने. सरदारांच्या बाजूने तो ज्या त्वेषाने लिहून गेला तो वाचवत नाही. मुद्दा मात्र खोटा नाही. शेताचे थोडे पैसे मागे ठेवणाऱ्या हनन्यावर पेत्र रागावला तो त्याच्या खोटेपणाबद्दल. शेत त्याचे होते, विकल्यावर पैसाही त्याचाच होता. ल्यूथरचे म्हणणे असे, की देवाची कृपा दानधर्माने विकत मिळत नाही, ती फुकटच मिळते. म्हणून तर माणसाचा हात शेजाऱ्यासाठी मोकळा होतो.

पण राजीखुशी म्हणून त्याने अंग काढून घेतले नव्हते. १५२३ साली लाइस्निग गावाने गोरगरिबांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, पोरक्या मुलांसाठी सामाईक पेटी केली, तिच्या नियमांना ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. पेटीला कुलपे चार, आणि किल्ल्या सरदार, नगरसभा, गावकरी व शेतकरी यांच्याकडे वेगवेगळ्या. (आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी हे वाचू नये.)

पेटी त्यातल्या त्यात सोपी, पंगत अवघड. पुणेकरांना हे सांगायला नको. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून रानडे आणि लोकमान्य टिळकांसकट कितीजण ग्रामण्यात सापडले! आणि याच पुण्यात पुढे एक निराळी पंगत बसली. तिचे मूळ दुसऱ्या टिळकांकडे, कवी नारायण वामनांकडे जाते. त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या पाद्र्याने १९२२ साली अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापला, आणि काही वर्षांनी तो शिवाजीनगरला आला. हे पंथाने अँग्लिकन, ल्यूथरचे नव्हेत. पण कुणाच्या हुकमाने नव्हे, आपण होऊन आले होते. गोरे राज्यकर्ते असतानाच्या काळात गोरा आणि देशी एका छपराखाली, अंगात खादी, जमिनीवर मांडी घालून, हाताने जेवत. व्हेरिअर एल्विन १९२७ साली भारतात आला तो याच संघात. त्या घरात वाढप कोण करी आणि भांडी कोण घाशी, हे मला सगळ्यांत आधी विचारावेसे वाटते. पूर्वी नसते वाटले.

यंदाच्या ताटल्या सौ.ने आताच काढून ठेवल्या आहेत. नातीने त्या मोजल्या. एक कमी पडते म्हणते. शांताबाईंना मात्र अजून कोणी विचारलेले नाही, आणि आमच्याबरोबर बसायला त्या राजी होतील की नाही, हे मी त्यांच्या वतीने कसे सांगू?