विश्लेषण : ओझोनचा थर वाचवला नसता, तर झाडांचं काय झालं असतं?

ओझोन थर म्हटलं की त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू आठवतात. पण १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेल्या मॉन्ट्रियल कराराने झाडांची पानंही वाचवली. त्याचा थेट संबंध तापमानवाढीशी आहे.

अतिनील किरण पानाचं काय करतात?

‘यूव्ही-बी’ प्रकारचे बहुतेक अतिनील किरण ओझोन थर अडवतो. उरलेले जमिनीपर्यंत पोहोचतात आणि पेशींतल्या डीएनएला इजा करू शकतात. माणूस सावलीत जातो. झाडाला जागचं हलता येत नाही. म्हणून पानच बदलतं. ते आकाराने लहान आणि जाड होतं, खोड आखूड राहतं. पानाच्या बाहेरच्या थरात फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं साठतात आणि ती हे किरण शोषून घेतात.

झाडाला ते कळतं कसं?

पेशीत ‘यूव्हीआर८’ नावाचं प्रथिन असतं. त्याचं हे काम २०११ मध्ये उलगडलं. एरवी जोडीने राहणारे त्याचे रेणू यूव्ही-बी पडताच सुटे होतात आणि संरक्षक द्रव्यं बनवणारी जनुकं कामाला लागतात. म्हणजे थोडे किरण झाडासाठी इशारा असतात. ते रोखणाऱ्या प्लॅस्टिकखाली वाढलेल्या लाल लेट्यूसचा रंग फिका पडतो, तो यामुळेच.

मग धोका कुठे?

प्रमाणात. मारा वाढला की इजा वाढते, अन्न तयार करण्याचं काम मंदावतं आणि वाढ खुंटते. खुंटलेलं झाड हवेतला कार्बनही कमी शोषतं.

करार झालाच नसता तर?

ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचे पॉल यंग आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये याचं उत्तर मांडलं. ओझोन नष्ट करणाऱ्या सीएफसी वायूंचा वापर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत गेला असता, तर शतकाच्या अखेरीस झाडं आणि मातीत ३२५ ते ६९० अब्ज टन कार्बन कमी साठला असता. तो हवेत राहून पृथ्वी अर्धा ते एक अंश सेल्सिअसने आणखी तापली असती. सीएफसी वायूंची स्वतःची उष्णता यात धरलेलीच नाही.

आता स्थिती काय?

संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आढाव्यानुसार, जगाच्या बहुतेक भागांत ओझोन थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. अट एकच : सध्याची बंधनं पाळली गेली पाहिजेत.