घरून सरकारी नोकरी: दोष मोबाइलचा की साहेबांचा?

सरकारी कर्मचारी घरी बसला की फायली बाजूला आणि मोबाइल हातात, ही शंका सगळीकडेच घेतली जाते. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी 20 जानेवारी 2025 ला सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी केंद्रीय कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ ऑफिसात परत बोलावण्याचा आदेश काढला. खरं तर 2024 च्या सरकारी अहवालानुसार तिथल्या 54 टक्के कर्मचाऱ्यांचं काम घरून होण्यासारखं नव्हतंच. पूर्णपणे घरून काम करणारे फक्त 10 टक्क्यांच्या आसपास होते.

पण शंका अगदीच खोटी आहे का? नाही. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचंच बघा. 2014 मध्ये तिथल्या अपील मंडळातल्या कायदेविषयक सहायकांची चौकशी झाली. ही मंडळी पगार घेऊन घरी टीव्ही बघत होती, फेसबुकवर होती, ऑनलाइन खरेदी आणि कपडे धुणंही चालू होतं. सरकारचे 50 लाख डॉलरहून जास्त वाया गेले. कारण मात्र इंटरनेट नव्हतं. त्यांना द्यायला कामच नव्हतं! नवे न्यायाधीश वेळेवर नेमले गेले नाहीत, त्यामुळे फायली पुढे सरकल्या नाहीत, आणि वरिष्ठांना सगळं माहीत असूनही वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं.

आता त्याच कार्यालयाचे पेटंट तपासनीस घ्या. हेही घरूनच काम करायचे, पण आठवड्यातून एकदा ऑफिसात हजेरी लावावी लागे. 2012 पासून ती अट सैल करून त्यांना देशात कुठेही राहायची मुभा दिली गेली. हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला, तर काम 4.4 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. या लोकांच्या घरी यूट्यूब नव्हतं थोडंच? पण ठरलेल्या मुदतीत किती अर्ज निकाली काढायचे, हे प्रत्येकाला नेमून दिलेलं होतं.

आपल्याकडे उलटी गंमत आहे. जुलै 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारला ऑफिसात बसलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच सूचना काढाव्या लागल्या: मोबाइल गरजेपुरताच वापरा, शक्यतो लँडलाइनवर बोला, सोशल मीडियावर वेळेचं भान ठेवा. म्हणजे हजेरी लागली तरी मोबाइल काही सुटत नाही. दाखल्यासाठी खिडकीसमोर ताटकळलेल्या माणसाला हे सांगायला नको.

आपल्या घरांमध्ये हा विषय हलाल रोजीचाही आहे. पगार पूर्ण घेऊन काम अर्धं करणं हे मापात मारण्यासारखंच. सूरह मुतफ्फिफीन अशाच लोकांबद्दल आहे. ठरलेला वेळ ही अमानत आहे. पण सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टी उकरून पाहण्यालाही मनाई आहे, हे साहेब लोक विसरतात. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर टाकून तो दर मिनिटाला काय बघतो ते मोजायचं, यातून फाइल हलत नाही. आईला फोन केला, मुलाची फी ऑनलाइन भरली, जोहरची नमाज पढली, एवढ्यानं सरकारचं नुकसान होत नाही.

घरून काम करणाऱ्या सूनबाईला तर आणखी एक त्रास. ती घरी आहे म्हणजे मोकळीच आहे, असं धरून पाहुण्यांचा चहा तिच्याकडे येतो. तिचं काम मागे पडलं, तर वरिष्ठांच्या नोंदीत ठपका बसतो तो मोबाइलवरच.