विश्लेषण : बोटीतले सोने आठवते, बोटीवरचा खलाशी का नाही?

आलिशान प्रवासी जहाज म्हटले की आपल्याला १९१२ मध्ये बुडालेली ‘टायटॅनिक’ आठवते. ती अटलांटिकवरची बोट. तिचा मुंबईशी संबंध नव्हता. याच काळात लंडन-मुंबई मार्गावर ‘पी. अँड ओ.’ कंपनीच्या डाकबोटी धावत होत्या. त्यांच्या खोल्या साहेबांच्या असल्या, तरी डेकवरचे आणि भोजनगृहातले बरेचसे हात कोकण-गोव्याचे होते. तरीही या बोटींच्या इतिहासात या माणसांना फारशी जागा मिळालेली नाही.

या बोटी एवढ्या आलिशान का होत्या?

त्या केवळ हौसेसाठी बांधल्या नव्हत्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि लंडन-मुंबई अंतर एकदम घटले. ब्रिटिश सरकारला साम्राज्याचे टपाल ठरल्या वेळी पोहोचायला हवे होते. त्यासाठी ते कंपनीला कराराने पैसे देई. वेग वाढवायचा तर कोळसा भरमसाट जळतो. हा खर्च टपालाच्या पैशातून आणि पहिल्या वर्गाच्या तिकिटांतून निघत असे. पहिल्या वर्गात आयसीएस अधिकारी, लष्करी साहेब, संस्थानिक आणि बडे व्यापारी असत. त्यांच्यासाठी संगीताची दालने, धूम्रपानाच्या खोल्या आणि सावलीचे लांबरुंद डेक आले. थोडक्यात, ही ऐट सरकारी टपालाच्या आधारावर उभी होती.

कोपर-डोंबिवलीशी याचा काय संबंध?

बोटीतून उतरलेले टपाल आणि प्रवासी पुढे रेल्वेने जात. मध्य रेल्वेच्या इतिहासात १९१२ पासून नोंद असलेली ‘पंजाब लिमिटेड’, म्हणजे आजची पंजाब मेल, डाकबोटीच्या वेळापत्रकाला बांधलेली होती. बॅलार्ड पियरहून पेशावरपर्यंतचे २,४९६ किलोमीटर ती सुमारे ४७ तासांत कापत असे. मार्ग कल्याणवरूनच. आज कोपर स्थानक आहे, तिथल्या रुळांवरून ही गाडी जाई. थांबण्याचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीला ती साहेबांसाठी होती. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला लागायला १९३० चे दशक उजाडावे लागले.

पुढे याच बोटींनी आपल्याकडचे मोठे राजकारणही वाहून नेले. १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ऑगस्टच्या मध्यास ‘मुलतान’ बोटीने निघाले. गांधीजी त्याच महिन्याच्या अखेरीस ‘राजपुताना’ने. ही नावे इतिहासात आहेत, आणि असायलाच हवीत. प्रश्न बोट चालवणाऱ्यांचा आहे.

बोट चालवत कोण होते?

कामाची वाटणी प्रांतवार असे. डेकवर रत्नागिरी, गुजरात, कच्छकडचे खलाशी. इंजिनखोलीत कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण. भोजनगृहात आणि खोल्यांच्या सेवेला गोव्याचे ख्रिस्ती. खलाशांवर टंडेल, त्याच्यावर सारंग. भरती बहुतेकदा सारंगाच्या मर्जीने होई, त्यामुळे नोकरीआधीच कर्ज आणि लाच पाठीशी लागे. गोव्याच्या माणसांनी धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांचे ‘कूड’ उभारले. पुढची बोट मिळेपर्यंत तिथे स्वस्तात राहता येई.

भारतीय खलाशाचा करार वेगळा, पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा किंवा त्याहून कमी. १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला राहण्यासाठी १२० घनफूट जागा ठरली; भारतीयाला ३६ घनफूटच राहिली. वर प्रवाशांसाठी संगीताचे दालन आणि खाली ही जागा, दोन्ही एकाच बोटीत. तिकिटाचा आणि कंपनीच्या नफ्याचा हिशेब या ३६ घनफुटांवरही उभा होता.

याला एक उत्तर नेहमी दिले जाते : जबरदस्ती नव्हती, गावात शेतीत एवढेही मिळत नव्हते. ते खरे आहे. कोकणात ‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य आजही प्रतिष्ठेने उच्चारले जाते. त्या पैशातून घरे उभी राहिली, मुले शिकली. पण गरज होती म्हणून अन्याय न्याय ठरत नाही. उलट, स्वस्त मजुरी मिळावी म्हणून त्या गरजेचाच वापर झाला.

बोट बुडाली की काय होई?

२० मे १९२२ रोजी लंडनहून मुंबईला निघालेली ‘इजिप्त’ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच बोटीशी धडकून बुडाली. प्रवासी चाळीसच्या आसपास, कर्मचारी त्यांच्या कितीतरी पट. ८० हून अधिक जण गेले, त्यांत बहुतेक कर्मचारी. ब्रिटिश वृत्तपत्रांनी भारतीय खलाशांच्या घबराटीवर बोट ठेवले. चौकशीत मात्र जीव वाचवण्याचे योग्य उपाय न केल्याचा ठपका कप्तानावर आला.

पण जगाने लक्षात ठेवले ते बोटीतले सोने-चांदी. दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचा तो ऐवज शोधायला ‘आर्तिलिओ’ हे इटालियन जहाज आणि तिचे पाणबुडे वर्षानुवर्षे झटले. १९३२ मध्ये सोने वर आले आणि त्यावर पुस्तके निघाली.

‘साल्सेट’ची गोष्टही वेगळी नाही. आपल्या साष्टी बेटाचे हे नाव असलेली बोट २० जुलै १९१७ रोजी इंग्लिश खाडीत टॉर्पेडोने बुडवली गेली. प्रवासी वाचले, मेले ते कर्मचारी.

मग करायचे काय?

मस्जिद स्थानकाजवळच्या ‘इंडियन सेलर्स होम’मध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे. कोपरहून सीएसएमटीला जाणारी लोकल रोज त्याच्या जवळून जाते. किती प्रवाशांना ते ठाऊक आहे? शिवाय हे स्मारक युद्धातल्या मृतांचे. ‘इजिप्त’ शांततेच्या काळात बुडाली, म्हणून तिच्या खलाशांना तिथे जागा नाही.

बॅलार्ड पियरवर आता नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे. तिथे पर्यटकांना जुन्या आगबोटींची देखणी चित्रे दाखवण्याचा मोह होईल. चित्रे जरूर लावावीत. त्यांच्याशेजारी सारंग, टंडेल, खलाशी, बटलर यांच्या कामाची, पगाराची आणि जागेची माहितीही लावावी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत नोकरीची जुनी पुस्तके, पत्रे, फोटो अजून असतील. विद्यापीठांनी आणि बंदर प्राधिकरणाने ती गोळा करून त्यांच्या प्रती जपायला हव्यात. पुढची पिढी घरे आवरेल तेव्हा हे कागद आधी रद्दीत जातील.

हा केवळ जुन्या आठवणींचा प्रश्न नाही. क्रूझ बोटींवर आजही गोवा-कोकणातली हजारो मुले काम करतात. २०२० च्या टाळेबंदीत ‘मरेला डिस्कव्हरी’वरील भारतीय कर्मचारी मुंबईसमोर येऊनही उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत होते. बोटीवरच्या माणसाचा विचार सगळ्यांत शेवटी करायची सवय जुनी आहे. ती मोडायची, तर आधी त्याची नोंद ठेवायला शिकावे लागेल.