संघारामगिरीची वाट, तेंदूचा हंगाम आणि वाघ

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, मेंढा-माल गावाजवळच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाने एकाच दिवशी बळी घेतला. बातमी दोन-चार दिवस चालली. त्याच उन्हाळ्यात आपल्या मोबाइलवर ताडोब्याच्या वाघांचे रील्स फिरत होते आणि ते पुढे पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो.

जानेवारीच्या शेवटी याच जिल्ह्यातील संघारामगिरीला, म्हणजे रामदेगीला, हजारो उपासक-उपासिका धम्म समारंभासाठी जातात. हा परिसर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात येतो. तिथे आपण वाघाच्या घरात पाहुणे असतो. तरीही आपली तरुण मुले दुचाकीवर रात्रीच निघतात, वाटेत गाडी थांबवून झुडपांकडे टॉर्च मारतात. दिवसा निघा, गटाने चला, लहान मुलांना मधे ठेवा. पहाटे शौचासाठी एकट्याने आडोशाला जाऊ नका. ही गोष्ट बोलायला संकोच वाटतो, पण धोका नेमका तिथेच असतो. आयोजकांनी उजेड आणि शौचालयांची सोय आधी पाहावी, मंडप नंतर. उष्टे अन्न उघड्यावर टाकले की कुत्री आणि रानडुकरे येतात, आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. वाघ समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, मोठ्याने आवाज करत हळूहळू मागे सरा. वन विभागाला कळवायचे असेल तर १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये आताच टाकून ठेवा.

एवढे पाळले तर आपण बहुधा सुखरूप घरी येऊ. पण हाच सल्ला आम्ही तेंदू तोडणाऱ्या बाईला देऊ शकतो का?

तेंदूचे झुडूप बुटके असते. पाने तोडताना तासन्‌तास वाकून राहावे लागते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटेलच असे नाही. उन्हाच्या आत काम उरकायचे म्हणून ती पहाटे निघते, म्हणजे वाघ फिरत असतो त्याच वेळेला. मजुरी पुडक्यांवर मिळते. एका पुडक्यात ७० पाने, आणि भाव शंभर पुडक्यांचा. बायका एकत्र राहिल्या तर एकाच झुडपावर चार हात पडतात, म्हणून जंगलात शिरल्यावर त्या पांगतात. ‘एकटे जाऊ नका’ हा फलक गावाच्या वेशीवर लावणे सोपे आहे. मजुरीचा हिशेब तिला एकटे पाडतो. त्यानंतर ‘लोक जंगलात जातातच कशाला’ असे शहरातून विचारले जाते. पावसाळ्याआधीचा हाच पैसा बियाण्याला आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागतो, म्हणून जातात.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आला. वाढ आनंदाचीच आहे, वाघाचे वैर आम्हाला नको. मात्र या यशाची किंमत भूमिहीन आणि अल्पभूधारक घरे चुकवतात, आणि त्यात आपल्या वस्त्यांतील घरेही आहेत. मृत्यू झाल्यास २५ लाख रुपये मिळतात, ते योग्यच. तरी ती मदत मृत्यूनंतरची आहे.

मृत्यूआधी काय करता येईल? वनहक्क कायदा २००६ नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत तेंदूची मालकी ग्रामसभेची आहे. तेव्हा कामाची वेळ ग्रामसभा ठरवू शकते. गेल्या हंगामाआधी आम्ही एका गावात बसलो होतो. ‘उजाडल्यावर जा’ असे आम्ही म्हणताच एक आजी फाडकन बोलली, “मी उजाडल्यावर जाईन, अन् पाने शेजारीण अंधारातच नेईल, त्याचं काय?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर गावानेच काढले: सूर्य वर आल्याशिवाय कुणीच शिरायचे नाही, पाच-पाच जणींची टोळी करायची, पुडकी टोळीच्या नावाने मोजून पैसे सारखे वाटायचे. प्रत्येक टोळीतली एक जण पाने न तोडता उभी राहून लक्ष ठेवेल, तरीही तिला पूर्ण वाटा मिळेल. या शेवटच्या मुद्द्यावर दोन तास भांडण झाले.

येत्या जानेवारीत संघारामगिरीला जाणाऱ्या मंडळांनी परिसरातल्या दोन-तीन गावांत अशी बैठक घेऊनच परतावे, असे आम्ही सुचवतो. तेंदूचा हंगाम एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो. भांडायला अडीच महिने मिळतील.