तळे त्यांचे, सुट्टी आपली

मे महिना जवळ आला की आपल्या भागातल्या घराघरांत एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? आळंद, कडगंची, कलबुर्गी, हुमनाबाद, भालकी या सगळ्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी तळ गाठतात, आणि मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. मग माथेरान नाहीतर महाबळेश्वर ठरते. तिथे मराठी बोलता येते, खर्च झेपतो, आणि माथेरानला तर आपल्याच सोलापूर-पुणे मार्गावरच्या गाडीने कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठले की झाले. जाण्याला आमची मुळीच हरकत नाही. आम्हीही बँकेतली चार कुटुंबे मिळून एलएफसी घेऊन गेलो आहोत.

आमचे म्हणणे निराळे आहे. ज्या गावी आपण दोन रात्री काढून परततो, त्या गावी काही हजार माणसे बारा महिने राहतात. त्यांचे पाणी, त्यांची वाट, त्यांची पोटापाण्याची सोय यांचा निर्णय पाहुण्यांच्या सोयीने होता कामा नये. ज्याला तिथे जगायचे आहे त्याचा शब्द आधी, मग आपला. हे तत्त्व माथेरानच्या बाबतीत आपण मान्य केले, तर उद्या आपल्या गावासाठी तेच मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले, पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वसाहत वाढली, १९०५ साली नगरपालिका झाली, आणि १९०७ साली नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. ती सरकारने नव्हे, मुंबईच्या आदमजी पीरभॉय घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली. हा इतिहास हॉटेलांच्या पत्रकांत छापलेला असतो.

पत्रकांत सहसा नसतो तो दुसरा इतिहास. हुतात्मा भाई कोतवाल याच माथेरानचे. १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वकील झाला, गरीब शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या उभ्या केल्या, १९४२च्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. एको पॉइंटवर उभे राहून आरोळी देणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असते का? माथेरान हे केवळ ‘पॉइंटां’चे गाव नव्हे. ते माणसांचे गाव आहे.

आता ही माणसे किती? २००१च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती, २०११ मध्ये ४,३९३. म्हणजे दहा वर्षांत ७४६ माणसे कमी. सुट्टीच्या दिवसांत जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे राहणारे घटतात, याचा विचार कोणी करायचा?

पाण्यापासून सुरुवात करू. गावाच्या एका अंगाला, लुईझा पॉइंटकडे जाताना, शार्लोट लेक लागते. काठावर पिसारनाथाचे देऊळ, ते गावाचे ग्रामदैवत. झाडीत दडलेले हे लहानसे तळे आपल्यासाठी फोटोची जागा आहे. माथेरानकरांसाठी ती पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी जांभ्याच्या पठारावरून दरीत निघून जाते, बांधाआड अडेल तेवढेच हाती राहते. ते पुरत नाही म्हणून खालून, नेरळच्या बाजूने, उल्हास नदीचे पाणी पंपाने डोंगर चढवून आणावे लागते. पंप बिघडला, वीज गेली, की नळ कोरडा. आणि पाण्याची मागणी सर्वांत जास्त केव्हा? एप्रिल-मेमध्ये. म्हणजे तळे आटते तेव्हाच आपण पोचतो, दिवसातून दोनदा आंघोळ करतो, आणि नळाला धार बारीक आहे म्हणून लॉजवाल्याशी हुज्जत घालतो. घरी तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आले तर देवाचे आभार मानणारे आपण, परगावी मात्र चोवीस तास पाण्याचा हट्ट धरतो!

दुसरा मुद्दा वाटेचा. माथेरानात मोटारींना बंदी आहे, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी सोडून. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीच्या शटलने जायचे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे या बंदीला कायद्याचा आधार आला. बंदी योग्यच आहे. तिच्यामुळेच तिथे आजही पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. लोणावळ्याच्या रस्त्यांवर रविवारी काय होते ते पाहिलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

पण आम्ही बँकेतली माणसे. संध्याकाळी जमा आणि नावे जुळल्याशिवाय आम्हाला खुर्चीवरून उठता येत नाही. गाडीबंदीचा फायदा कोणाच्या खाती जमा झाला आणि तिचा खर्च कोणाच्या नावे पडला, हेही मांडले पाहिजे. फायदा झाला झाडांना, हवेला आणि आपल्यासारख्या पाहुण्यांना. खर्च भरला तो हातरिक्षा ओढणाऱ्यांनी, डोक्यावर बॅगा वाहणाऱ्या हमालांनी आणि डोंगरकुशीतल्या वाड्यांतून रोज चढून येणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांनी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी आणि शाळेच्या पोरांनीही तो भरला. छोट्या गाडीवर तरी भिस्त ठेवावी, तर २०१९च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग खचला आणि नेरळहून थेट वर येणारी गाडी पुन्हा धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. एरवीही पावसाळ्यात नेरळची गाडी बंदच असते, वर फक्त शटल.

हातरिक्षा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल मातीचा चढ, पुढून एक माणूस दांड्या धरून ओढतो, मागून एक-दोघे लोटतात, आणि आत धडधाकट पाहुणा बसलेला असतो. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली तरी महाराष्ट्रात हे चालू होते! परवानाधारक हातरिक्षा होत्या ९४. यातल्याच चालकांनी ई-रिक्षा मागितली, न्यायालयाचे उंबरठे झिजवले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोग म्हणून परवानगी दिली, डिसेंबरात सात ई-रिक्षा धावल्या, पुढे संख्या वीसवर मर्यादित ठेवली गेली. त्या वीस खऱ्या रिक्षावाल्यांना मिळाल्या की भलत्यांनाच, यावरही न्यायालयात वाद झाला. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितले, की माणसाने माणूस ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ती सहा महिन्यांत बंद करा. गुजरातेत केवडियाला जशी भाड्याने ई-रिक्षा देण्याची योजना आहे तशी आखा, आणि पैसा नाही ही सबब सांगू नका. दस्तुरी नाक्यापासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, मात्र आतल्या रस्त्यांवर आणि रानवाटांवर नकोत, असेही न्यायालयाने म्हटले.

या निकालाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. झाडेही राहिली आणि माणसाचा मानही राहिला. मात्र निकालाने काम संपत नाही. आमची मागणी अशी, की ई-रिक्षा ज्याने वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढली त्याच्याच हाती गेली पाहिजे. ठेकेदाराने दहा गाड्या घ्यायच्या आणि कालचा रिक्षावाला त्याच्याकडे रोजंदारीवर राबायचा, असे झाले तर दांड्या सुटल्या आणि जोखड राहिले असेच म्हणावे लागेल.

याला विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे धुडकावून चालणार नाही. माथेरानात साडेचारशेच्या वर घोडे आहेत. ई-रिक्षा वाढल्या तर आमच्या चुलीचे काय, असे अश्वपाल विचारतात. प्रश्न खरा आहे. पण मार्च २०२५ मध्ये दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल आणि लूट होते या कारणावरून गावातल्याच लोकांनी बंद पुकारला होता, हेही विसरता येत नाही. घोडा राहावा, दर फलकावर लिहिलेला असावा, आणि रुग्ण, म्हातारी माणसे व शाळकरी मुले यांना परवडणारे वाहन मिळावे. तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. दुसरे काही म्हणतात, एवढी कटकट कशाला, मोटारी थेट वर नेऊ द्या. याला मात्र आमचा ठाम विरोध आहे. मोटार वर गेली की पाहुणा सकाळी येऊन संध्याकाळी परतेल. कचरा गावात राहील आणि पैसा पेट्रोल पंपावर. मग घोडेवालाही नाही, हमालही नाही, लॉजही नाही.

ही अडचण एकट्या माथेरानची नाही. ऑस्ट्रियात आल्प्स पर्वतात तळ्याकाठी हॉलश्टाट नावाचे खेडे आहे. वस्ती आठशेच्या आत, आणि हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत पाहुणे. २०२० साली तिथे बसगाड्यांवर मर्यादा घालावी लागली, आणि २०२३ मध्ये तर गावकरी रस्त्यावर उतरले. फोटोची गर्दी थोपवण्यासाठी लाकडी आडोसा उभारण्यापर्यंत मजल गेली. श्रीमंत देशातल्या सुखवस्तू गावाची ही गत, तर आपल्या चार हजार वस्तीच्या गावाची काय कथा?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, कडगंचीत बसून माथेरानची चिंता का? त्याचे कारण आपल्या दारातच आहे. २००९ साली कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे ते आपल्या कडगंचीच्या माळावर आले. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले आली, खोल्यांना भाडे मिळू लागले, आळंद रस्त्यावर चहाच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. आनंदच आहे. पण बोअरचे पाणी तेच, आणि उन्हाळाही तोच. तिकडे गाणगापूरला पौर्णिमेच्या दिवशी भीमा-अमरजा संगमावर काय गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशी घाटावर काय उरते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. पाहुणा देवासारखा खरा, पण यजमानाला विचारल्याशिवाय त्याच्या रांजणात हात घालणारा पाहुणा कोणाला आवडतो?

आपली घरे या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहेत. सीमेच्या कडेला राहणाऱ्याला एक गोष्ट चांगली कळते, की दूर बसलेल्या माणसाने आपल्याबद्दल निर्णय घेतला तर काय होते. म्हणून माथेरानकरांची बाजू समजायला आपल्याला वेगळे शिक्षण नको.

सरकारकडे आमच्या तीन मागण्या. पहिली, दस्तुरीवर आपण भरतो त्या प्रवासी कराचा पहिला हक्क गावाच्या पाण्यावर असावा, आणि जमाखर्च दरवर्षी फलकावर लावावा. दुसरी, ई-रिक्षांची संख्या आणि मार्ग ठरवताना रिक्षावाले, अश्वपाल, हमाल आणि आदिवासी वाड्या यांचे प्रतिनिधी बैठकीत हवेत. तिसरी, छोटी गाडी ही केवळ गंमत न समजता गावाची वाहतूक समजून तिच्या डागडुजीला पैसा मिळावा.

आणि सभासदांना विनंती. जमले तर शनिवार-रविवार टाळून जा. धडधाकट असाल तर चाला, चालवत नसेल तर दर विचारून बसा आणि ठरलेले पैसे हसून द्या. पाण्याची एक बादली कमी वापरा. तळ्यात साबण नको, काठावर वेफर्सची पाकिटे नकोत, माकडांना खाऊ नको. घरून नेलेल्या कडक भाकरीचे आणि शेंगाचटणीचे डबे रिकामे झाले की त्यांतच आपला कचरा भरून परत आणा. एवढे केले तरी त्या चार हजार माणसांचे आपण काही लागतो असे म्हणता येईल.